अहवाल छापायला देताय? फॉन्ट आणि पानाच्या मांडणीची ही भाषा आधी समजून घ्या

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरातल्या प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला गणपती मंडळांच्या पावत्या आणि कार्यक्रमपत्रिका, दुसऱ्या बाजूला दूध संस्था, विकास सोसायट्या आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि त्याआधी नोटीस सभासदांच्या हातात पडायला हवी. त्यामुळे सगळ्यांचं काम एकदमच येतं. अशा गर्दीत नवा सचिव किंवा क्लार्क काउंटरवर जाऊन उभा राहतो आणि समोरून प्रश्न सुरू होतात. साइज कुठली? कागद किती जीएसएम? पिन का गम? मॅटर युनिकोडमध्ये आहे का श्रीलिपीत? कव्हरला ब्लीड सोडलंय का?

गावच्या दूध संस्थेचा अहवाल तयार करून छापून आणायचं काम माझ्याकडे आहे. या प्रश्नांची उत्तरं मला तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली. काही डीटीपी ऑपरेटरने, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याने सांगितली, काही बाइंडिंगवाल्याने, काही कागदाच्या दुकानात कळली. राधानगरी किंवा गगनबावड्याकडून येणाऱ्या माणसाचा प्रत्येक जादा हेलपाट्याला एक अख्खा दिवस मोडतो. तो वाचावा म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. उदाहरण अहवालाचं घेतलंय, पण स्मरणिका, माहितीपुस्तिका, कॉलेजचा प्रकल्प अशा कुठल्याही छापील कामाला हेच लागू पडतं.

सगळ्यात महत्त्वाचा आहे तो क्रम. बरेच जण आधी टाइप करून घेतात, मग फॉन्ट निवडत बसतात आणि कागदाचा आकार प्रेसमध्ये गेल्यावर ठरवतात. काम करायला हवं ते याच्या बरोबर उलट. कागद ठरला की समास ठरतो, समासावरून ओळीची लांबी ठरते, ओळीच्या लांबीवरून अक्षराचा आकार आणि अक्षरावरून पानांची संख्या. मधलं एक जरी बदललं तरी त्याच्या पुढचं सगळं पुन्हा लावावं लागतं, आणि ऑपरेटर त्याचे पैसे वेगळे घेतो. ते त्याने घ्यायलाच हवेत, काम त्याचं दुप्पट झालेलं असतं.

निघण्याआधी जवळ काय असावं

- अंतिम मजकूर, एकाच फाइलमध्ये. नोटीस एका फाइलमध्ये आणि विषयपत्रिका व्हॉट्सॲपवर, असं नको.
- लेखापरीक्षकांनी सही केलेल्या ताळेबंदाची आणि नफा-तोटा पत्रकाची प्रत. आकडे ताडून बघायला मूळ कागदच लागतो.
- मागच्या वर्षीचा छापील अहवाल. तो समोर ठेवला की निम्मं बोलणं वाचतं.
- संचालकांची नावं आणि पदं, अध्यक्षांनी वाचून मंजूर केलेली.
- फोटो, मूळ आकारातले.
- संस्थेचं बोधचिन्ह, जमल्यास मूळ डिझाइनच्या फाइलमधलं. लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही.
- वापरलेल्या फॉन्टच्या फाइली.
- एक स्टीलची पट्टी, मिलिमीटर असलेली. ही फार कामाला येते.

१. कागदाचा आकार ठरवा

रोजच्या वापरातला ए४ कागद २१० × २९७ मिमी असतो. तो मधोमध दुमडला की ए५ होतो, १४८ × २१० मिमी. ए४ च्या दुप्पट तो ए३. अहवाल, पुस्तिका यांना ए५ सोयीचा पडतो, कारण ए४ कागद मधे दुमडून पिन मारली की पुस्तिका तयार. पुस्तकांच्या जगात डेमी आणि क्राऊन हे शब्द ऐकू येतात. डेमी १/८ म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, ए५ च्या जवळपासचाच आकार. पण जवळपास म्हणजे तोच नव्हे. प्रेसवाला डेमी म्हणाला आणि तुमची फाइल ए५ असली तर कटिंगमध्ये समास कमी-जास्त होतात.

इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. वर्डमध्ये नवी फाइल उघडल्यावर पुष्कळदा कागद ‘लेटर’ असतो, ए४ नसतो. लेटर २१६ × २७९ मिमी, म्हणजे रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला बराच कमी. पहिलं अक्षर टाइप करण्याआधी लेआउटमध्ये जाऊन साइज बघा. दुसरी गोष्ट लीगलची. वर्डमधला लीगल ३५६ मिमी लांब असतो, तर आपल्याकडे दुकानात लीगल किंवा एफएस म्हणून जे रिम मिळतं ते बऱ्याचदा ३४५ मिमीचं असतं. अकरा मिलिमीटरचा फरक. तेवढ्यात तळाची सहीची ओळ कापली जाते. रिमच्या वेष्टनावर माप छापलेलं असतं, तेच आकडे वर्डमध्ये घाला.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो. अहवालाच्या आतल्या पानांना ७० चा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा छपाईचा कागद चालतो, पण दोन्ही बाजूंनी छपाई असेल तर ८० घ्या, मागच्या बाजूची अक्षरं कमी दिसतात. कव्हरला १७० चा आर्ट पेपर किंवा २५० ते ३०० चं आर्ट कार्ड. घरी छापत असाल तर पावसाळ्यात रिम उघडं ठेवू नका. आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांतली हवा कागदात शिरते, मग पानं वाकतात आणि प्रिंटरमध्ये अडकतात.

२. पानं आणि बांधणी

मधे दुमडून पिन मारायची असेल, म्हणजे सेंटर पिन, तर एकूण पानं चारच्या पटीत लागतात: १६, २०, २४. कारण एका दुमडलेल्या कागदाची चार पानं होतात. मजकूर २२ पानांचा झाला तर दोन पानं कोरी राहतील. तिथे काय घालायचं ते आधीच ठरवा, नाहीतर प्रेसमधला माणूस आयत्या वेळी एखादं सुविचाराचं पान टाकून मोकळा होतो. ऑफसेटला मोठं काम असेल तर फर्मा हा शब्द येईल. मोठ्या कागदावर पुढे-मागे मिळून बहुधा १६ पानं एकदम छापतात, तो एक फर्मा. पानं फर्म्याच्या पटीत बसली की कागद वाया जात नाही.

पानं ८० च्या पुढे गेली की पिन धरत नाही, गम बाइंडिंग करावं लागतं. कणा किती जाड होईल हे कव्हर करणाऱ्याला लागतं. त्याच कागदाची तेवढ्याच पानांची कोरी प्रत जुळवून पट्टीने मोजायला सांगा.

पुस्तिकेत कुठलं पान कुठल्या पानाशेजारी येतं, ती जुळवाजुळव तुम्ही करू नका. पानं १, २, ३ अशी क्रमाने, सुटी सुटी द्या. वर्डमधलं ‘बुक फोल्ड’ घरच्या प्रिंटरसाठी ठीक आहे. प्रेसला तशी फाइल दिली तर त्यांना ती आधी सोडवावी लागते.

३. समास

पानाच्या चारी बाजूंनी सोडलेली कोरी जागा म्हणजे समास. पुस्तिकेत आतल्या बाजूला, म्हणजे पिनेकडे, जास्त जागा लागते. त्या जादा जागेला गटर म्हणतात. ए५ च्या पिन मारलेल्या पुस्तिकेला आत १८ मिमी, बाहेर १३, वर-खाली १५ असं ठेवलं की पान मोकळं दिसतं आणि अंगठ्याखाली मजकूर जात नाही. गम बाइंडिंगला आतली जागा २० च्या पुढे न्या, कारण तिथे पान पूर्ण उघडत नाही.

वर्डमध्ये ‘मिरर मार्जिन्स’ लावा. मग डाव्या आणि उजव्या पानांचे समास आपोआप आरशासारखे उलटसुलट होतात. ते न लावता नुसता डावीकडे समास वाढवला तर प्रत्येक मागच्या पानावर मजकूर पिनेत घुसतो.

पानाच्या वर संस्थेचं नाव येतं ते हेडर, तळाशी पृष्ठांक येतो तो फूटर. दोन्ही समासाच्या जागेतच बसतात, म्हणून समास फार आवळला की हेडर मजकुरावर चढतो. पृष्ठांक हाताने टाइप करू नका. मधे एक परिच्छेद वाढला तरी सगळे सरकतात.

४. फॉन्ट: इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात

काउंटरवर ऐकू येणारं ठरलेलं वाक्य म्हणजे, “साहेब, मॅटर उघडलंय पण सगळं इंग्रजी दिसतंय की!” असं का होतं हे एकदा नीट समजलं की आयुष्यभराचा त्रास मिटतो.

मराठीचे फॉन्ट दोन जातींचे. जुन्या जातीत श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएमबरोबर येणारे सुरेखसारखे फॉन्ट येतात. हे तयार झाले तेव्हा संगणकाला मुळात इंग्रजी अक्षरंच कळत होती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: एका जागी काना, दुसऱ्या जागी अर्धा क, तिसऱ्या जागी रफार. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की रूप उतरतं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

दुसरी जात युनिकोडची. यात ‘क’ला, ‘ळ’ला, प्रत्येक मात्रेला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट राखून ठेवलेला आहे. फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं, फक्त वळण बदलतं. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते सगळं युनिकोडच. विंडोजमधले मंगल, निर्मला, कोकिळा, उत्साह आणि मोफत मिळणारे मुक्त, नोटो, टिरो देवनागरी मराठी हे सगळे याच जातीतले.

माझं स्पष्ट मत: नवं काही टाइप करायचं असेल तर ते युनिकोडमध्येच करा. पुढच्या वर्षी फाइल उघडेल, शोधता येईल, संस्थेच्या संगणकावरही दुरुस्त करता येईल. श्रीलिपीतली वळणं सुंदर आहेत आणि जुने ऑपरेटर त्यात वाऱ्याच्या वेगाने काम करतात, हे खरं आहे. पण अहवालाचा मजकूर संस्थेच्या ताब्यात राहायला हवा, आणि एका प्रेसमधल्या एका फॉन्टवर तो अडकून पडला की तसा तो राहत नाही.

पण प्रेसमध्ये आधी विचारा: “दादा, युनिकोड मॅटर चालतं का?” काही ठिकाणी पानं लावायला अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर चालतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची आहे, युनिकोड मराठी तिला झेपत नाही. मग ऑपरेटर तुमचा मजकूर कन्व्हर्टरमधून श्रीलिपीत नेतो. यात अक्षरं बिघडू शकतात आणि बिघडायच्या जागा ठरलेल्या आहेत: ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, ‘ॲ’, अवतरणचिन्हं, कंस, डॅश आणि मजकुरात मधेच आलेला इंग्रजी ईमेलचा पत्ता. कन्व्हर्ट केलेल्या मजकुराचं प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली नमुना प्रत, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचावंच लागतं. मूळ फाइल शुद्ध होती, म्हणून छापील पानही शुद्ध असेल असं धरून चालू नका.

फॉन्ट निवडताना एक चाचणी ओळ टाइप करून कागदावर छापून बघा. मी ही वापरतो:

ॲड. तऱ्हा दऱ्याखोऱ्या उद्घाटन कर्तृत्व हृदय बॅलन्स ट्रॅक्टर शिष्टमंडळ कृषी ङ ळ क्ष ज्ञ ₹

‘ॲ’च्या जागी चौकोन आला किंवा ‘ऱ्या’तली अर्ध्या र ची खूण मोडून खाली टिंब असलेला र वेगळा पडला, तर तो फॉन्ट बाजूला ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सुरू झाल्यापासून कार्यक्रमपत्रिकांवर वकील मंडळींची नावं आणखी दिसू लागली आहेत. पाहुण्याच्या नावाआधी ‘ॲड.’ऐवजी चौकोन छापून जाणं कुणालाच परवडणारं नाही. ‘₹’ हे चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडणार नाही. तिथे सरळ ‘रु.’ लिहा.

‘ल’ आणि ‘श’ही निरखून बघा. मराठी वळण आणि हिंदी वळण यांत फरक आहे. काही फॉन्ट दोन्ही वळणं बाळगतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली की मराठी रूप दाखवतात. म्हणून सगळा मजकूर निवडून भाषा मराठी आहे ना ते तपासा.

५. अक्षराचा आकार आणि जाडी

आकार पॉइंटमध्ये मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे १२ पॉइंट म्हणजे साधारण सव्वाचार मिलिमीटर. पण हे माप एकट्या ‘क’चं नसतं. वर रफार-मात्रांना आणि खाली उकार-ऋकारांना लागणारी जागा फॉन्ट करणारा त्यातच धरतो, आणि कुणी जास्त धरतो, कुणी कमी. म्हणून दोन फॉन्ट दोन्ही १२ पॉइंटला लावले तरी एक मोठा दिसतो, एक लहान. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर साधारणपणे लहान दिसतं, म्हणून ऑपरेटर सवयीने १५-१६ पॉइंट लावतात. तीच सवय युनिकोडला लावली तर पानं उगाच वाढतात.

युनिकोडमध्ये मजकुराला ११ ते १२, मथळ्यांना १६ ते १८, तळटिपांना ९ ते १० पॉइंट हे ठीक बसतं. दूध संस्थेचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे असतात. त्यांच्यासाठी मी मजकूर १३ ला लावतो. दोन-चार पानं वाढली तर वाढू देत. अहवाल सभासदांनी वाचावा म्हणूनच छापायचा असतो.

वर्डमध्ये एक गोष्ट नव्या माणसाला फार छळते: फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर ढिम्म हलत नाही. कंट्रोल आणि डी दाबा. उघडणाऱ्या चौकटीत फॉन्टच्या दोन जागा असतात, एक लॅटिन मजकुराची आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ची. मराठी दुसऱ्या जागेचं ऐकतं. फॉन्ट आणि आकार दोन्ही तिथे बदला. लिब्रेऑफिसमध्ये हीच जागा ‘सीटीएल’ नावाने आहे.

जाडीला वेट म्हणतात: रेग्युलर, मिडियम, सेमिबोल्ड, बोल्ड. मुक्तमध्ये अशा सात जाड्या मिळतात, त्यामुळे एकाच फॉन्टमध्ये अख्खा अहवाल होतो. टिरो देवनागरी मराठीचं अक्षर पुस्तकाला देखणं आहे, पण त्याला बोल्ड नाही. बोल्डचं बटण दाबलं तर वर्ड अक्षराची कड जबरदस्तीने फुगवतो आणि छपाईत ‘ष’, ‘ध’ची पोकळी भरून जाते. तिथे मथळ्याला दुसरा जाड फॉन्ट घ्या. एका अहवालात दोन फॉन्ट पुरेत. तिसरा घ्यावासा वाटला तर आकार किंवा जाडी बदलून बघा.

मराठीला न मानवणाऱ्या तीन गोष्टी: तिरकं अक्षर, अधोरेखा आणि अक्षरांमधलं अंतर वाढवणं. अधोरेखा उकारांना आडवी छेदते. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी सुटी होतात. मथळा रुंद करायचा असेल तर आकार वाढवा.

६. ओळींमधलं अंतर

याला लीडिंग किंवा लाइन स्पेसिंग म्हणतात. इंग्रजीला पुरतं तेवढं मराठीला पुरत नाही, कारण आपल्या अक्षरांच्या वरही गर्दी आणि खालीही. १२ पॉइंटच्या अक्षराला १७-१८ पॉइंटची ओळ द्या.

पानं कमी करायची म्हणून वर्डमध्ये ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय लावून १२ किंवा १३ आकडा घातला जातो. काय होतं ते बघा. ओळीची उंची पक्की झाली की तिच्या बाहेर जाणारं सगळं कापलं जातं, आणि सगळ्यात वर असतो तो रफार. ‘पूर्वीची’चं ‘पूवीची’ होतं. ‘सर्वसाधारण’चं ‘सवसाधारण’. एक्सेलमध्ये ओळीची उंची आवळली की हेच घडतं, आणि जमा-खर्चाच्या पत्रकात रकान्याच्या डोक्यावर ‘खर्च’ऐवजी ‘खच’ छापून येतं. पडद्यावर हे पटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याला शब्द माहीत असतो आणि डोळा रफार स्वतःच भरून घेतो. म्हणून ‘एक्झॅक्टली’ टाळा, ‘मल्टिपल’ घेऊन १.१५ किंवा १.२५ असं अंतर द्या. तक्त्यांमध्ये ओळीची उंची आपोआप ठरू द्या.

मजकूर दोन्ही कडांना सरळ हवा असेल तर जस्टिफाय. अख्ख्या पानाच्या रुंदीला ते छान दिसतं. अरुंद रकान्यात मात्र मराठीचे लांब शब्द मोडता येत नाहीत, मग दोन शब्दांत मोठमोठ्या फटी पडतात. तिथे डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळं ठेवा.

७. तक्ते आणि आकडे

अहवालातली सगळ्यात वाचली जाणारी पानं ही, आणि सगळ्यात घाईत लावली जाणारीही हीच. आकडे उजवीकडे सरळ लावा, म्हणजे एककाखाली एकक आणि पैशाखाली पैसा येतो. मधोमध लावलेला आकड्यांचा रकाना वाचताच येत नाही. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १,२५,००० असा. एक्सेलमधून आणताना तो १२५,००० झाला असेल तर दुरुस्त करा. आकडे सगळीकडे मराठी किंवा सगळीकडे इंग्रजी, मिसळ नको.

ताळेबंद ए५ च्या एका पानात नीट बसत नाही. म्हणून देणी डाव्या पानावर आणि येणी उजव्या पानावर लावतात. पुस्तिकेत डावं पान नेहमी सम क्रमांकाचं असतं, म्हणजे देणी ६ वर तर येणी ७ वर. आयत्या वेळी ताळेबंदाच्या आधी अध्यक्षांच्या मनोगताचं एक पान वाढलं की देणी ७ वर जातात आणि येणी त्याच पानाच्या पाठीवर. सभेत सभासद पान उलटसुलट करत बसतात. मजकुरात शेवटी काहीही वाढलं-घटलं तरी आधी ताळेबंदाचं पान सम आहे का ते बघा.

तक्त्याच्या रेघा अर्धा पॉइंट जाडीच्या ठेवा. त्याहून बारीक रेघ छपाईत मधे मधे उडते.

८. फोटो आणि कव्हर

फोटो छापील आकाराला ३०० डीपीआय असावा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. संचालकाचा ३५ × ४५ मिमीचा फोटो हवा तर किमान ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

कव्हरवर रंग अगदी कडेपर्यंत जाणार असेल तर कागदाच्या बाहेर चारी बाजूंना ३ मिमी जादा रंग सोडावा लागतो. हेच ब्लीड. ए५ चं कव्हर त्यामुळे फाइलमध्ये १५४ × २१६ मिमीचं होतं. कटिंगचं पातं केसभर सरकलं तरी पांढरी कड दिसत नाही. याच कारणाने नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक कडेपासून ५ मिमी तरी आत ठेवा. रंगीत छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) या चार शाईंची असते आणि मोबाइलचा पडदा आरजीबी (लाल, हिरवा, निळा) प्रकाशात रंग दाखवतो. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत भगवा किंवा हिरवा कागदावर थोडा बसका येतो. रंगाबद्दल आग्रह असेल तर रंगीत प्रूफ मागा.

९. पीडीएफ करा

वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, पानं हलतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेला असतो, त्याला एम्बेड करणं म्हणतात. तो खरंच बसलाय का हे ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘फॉन्ट्स’खाली दिसतं. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ असायला हवं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं काम असेल तर ऑपरेटर ‘कर्व्ह करून देतो’ म्हणेल. म्हणजे अक्षरांची चित्रं होतात, फॉन्टची गरज उरत नाही. पण मग एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. कर्व्ह न केलेली प्रत वेगळी जपून ठेवायला सांगा.

घरी नमुना छापताना प्रिंटच्या चौकटीत ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा. ‘फिट’वर ठेवलं तर पान थोडं आकसतं आणि पट्टीने मोजलेले समास चुकीचे येतात.

१०. प्रूफ आणि ऑर्डर

प्रूफ कागदावर घ्या, मोबाइलवर नको. आकडे दोघांनी मिळून तपासा, एकाने लेखापरीक्षित प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफवर खूण करायची. नावं, पदं, सभेची तारीख, वार, वेळ आणि ठिकाण वेगळं वाचा. तारीख आणि वार एकमेकांशी जुळतात का ते कॅलेंडर उघडून बघा. दुरुस्त्या लाल शाईने, समासात, स्पष्ट अक्षरात. दुसरं प्रूफ आलं की दुरुस्त केलेल्या शब्दाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या दोन ओळीही वाचा, कारण तिथेच मजकूर सरकलेला असतो.

ऑफसेट छपाईसाठी पानांचा धातूचा पत्रा करतात, ती प्लेट. ती निघाल्यावर दुरुस्ती म्हणजे नवी प्लेट आणि नवा खर्च. म्हणून शेवटच्या प्रूफवर ‘छपाईस मंजूर’ लिहून सही आणि तारीख घालण्याआधी अध्यक्षांना दाखवा. शे-दीडशे प्रती असतील तर डिजिटल छपाई सोयीची, त्यात प्लेटच नसते. प्रती वाढल्या की ऑफसेट स्वस्त पडतो. दोन्हीचे दर विचारून घ्या.

ऑर्डर देताना तोंडी बोलण्यावर सोडू नका. पावतीवर एवढं लिहून घ्या: तयार पुस्तिकेचा आकार, कव्हर धरून आणि न धरता पानं, आतल्या आणि कव्हरच्या कागदाचे जीएसएम, आत एक रंग की चार, बांधणी, लॅमिनेशन ग्लॉसी की मॅट, प्रती, प्रूफ मिळण्याची तारीख, माल मिळण्याची तारीख आणि ठरलेला दर. त्यात डीटीपी धरलंय की वेगळं, हेही लिहून घ्या.

माल ताब्यात घेताना गठ्ठ्याच्या वरची, मधली आणि तळाची अशा तीन प्रती उघडून पानांचा क्रम बघा. त्याच वेळी दुरुस्त केलेली खुली फाइल, पीडीएफ आणि फॉन्ट पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि तो पेनड्राइव्ह संस्थेच्या कपाटात इतिवृत्ताच्या वहीशेजारी ठेवा.